वशिल्याचं तट्टू आणि आमच्या ओटीवरचं पोस्ट

ओटीवरचा_बाक

गणपतीत घरी गेलो होतो (गुहागर तालुका). गौरी-गणपती पोचवून झाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे ओटीवर लवंडलेले असताना एक वाद झाला. तो डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

आमचे भाऊकाका १९६९ ते २०१५ गावचे पोस्टमास्तर. म्हणजे ब्रँच पोस्टमास्तर, बी.ओ.चे (ब्रँच ऑफिसचे, गावातल्या छोट्या पोस्टाचे). लागले तेव्हा वय १९. त्यांच्या आधी आमचे आजोबा. पोस्ट आमच्याच घरात, ओटीच्या डाव्या अंगाला फळ्या मारून केलेल्या खोलीत. आजोबांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला. भाऊकाका सहा-सात महिने त्यांच्या जागी बसले आणि मग जागा त्यांचीच झाली.

चुलत भावाच्या मुलाला दहावीला ८९ टक्के. डाक सेवकाच्या भरतीला दोनदा अर्ज केला, दोन्हीदा यादीत नाव नाही. सध्या चिपळूणला कुरिअरवाल्याकडे आहे. त्या दुपारी कुणीतरी भाऊकाकांच्या हिशेबाचं कौतुक करत होतं, तर हा पटकन म्हणाला, "भाऊआजोबांचं काय सांगता, ते वशिल्याचं तट्टू. त्यांना कुणी टक्के विचारले?"

ओटीवर एकदम शांत. भाऊकाकांची सुपारी कातरणं तेवढं चालूच होतं.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. त्या काळी ही नेमणूक नक्की कशी होई, हे कुणाला माहीत आहे का? आणि ४६ वर्षांत ज्याचा एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही, त्याला वशिल्याचा म्हणायचं का?

झणझणीत_ठेचा

म्हणायचं. पुढचा धागा आणा.

मोरावळा

ठेचा, अहो जरा दम धरा :)

आमच्या आजोळी (भोरकडे) पोस्ट शाळेच्या गुरुजींकडे होतं. शाळा सुटली की गुरुजी त्याच टेबलावर खडू बाजूला सारून शिक्का काढायचे. आम्ही पोरं ताटकळत उभी, कारण तारीख बदलायची असली की गुरुजी चिमट्याने ते बारीक टाइप बदलायचे आणि आम्हाला एकदा कोऱ्या कागदावर उमटवून बघू द्यायचे. माझ्याकडे अजून एक चिठोरं आहे, त्यावर तारीख उलटी पडलीय. गुरुजींना पोस्ट कुणी दिलं हा प्रश्न तेव्हा पडलाच नाही. गावात लिहिता येणारा आणि दिवसभर गावातच सापडणारा माणूस तोच होता.

निवृत्त_शिक्का

खात्यात ३७ वर्षं काढली. सब ऑफिसला क्लार्क म्हणून लागलो, शेवटची वर्षं डिव्हिजनल ऑफिसात. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडं लांब देतो.

आधी एक गैरसमज काढा. ब्रँच पोस्टमास्तर हा पूर्ण सरकारी नोकर कधीच नव्हता. त्याला 'इडी' म्हणत, म्हणजे एक्स्ट्रा डिपार्टमेंटल. कल्पना अशी की माणसाचं पोट दुसऱ्या कशावर तरी चालतंय, शेती, दुकान, शाळा काहीही, आणि दिवसातले तीन ते पाच तास तो पोस्टाचं काम बघतो. त्याला पगार नव्हता, भत्ता होता. म्हणून अटीच तशा होत्या. गावचा रहिवासी हवा. स्वतःचं उत्पन्न हवं, त्याचा तलाठ्याचा दाखला. नावावर किंवा घरच्यांच्या नावावर मिळकत. जामीन. आणि पोस्टाला बसायला जागा तुमचीच. शिक्षण आठवी पास असलं तरी भागे, मॅट्रिक असेल तर प्राधान्य. पुढे मॅट्रिकची अट आली, मग मॅट्रिकच्या मार्कांवर निवड आली, मधल्या काळात सेवायोजन कार्यालयाकडून नावं मागवायची पद्धत होती.

आता तुम्हीच सांगा, १९६९ साली एका खेड्यात घर, जमीन, आठवी आणि रिकामी ओटी एवढं सगळं असलेली घरं किती? तीन, फार तर चार. त्यातली दोन एकमेकांशी भांडलेली. राहिलं कोण? इन्स्पेक्टरला वेगळा वशिला लागतच नव्हता, अटी वाचल्या की घर आपोआप दिसायचं.

दुसरी गोष्ट 'बदली'ची. इडी माणसाला रजा हवी असेल तर आपल्या जागी माणूस त्यानेच द्यायचा, स्वतःच्या जबाबदारीवर. आता स्वतःच्या जबाबदारीवर म्हटल्यावर कोण शेजाऱ्याला बसवणार? मुलगा, भाऊ, पुतण्या. बदली बसला म्हणून जागेवर हक्क येत नाही असं कागदावर स्वच्छ लिहिलेलं होतं. पण मास्तर आजारी, पोरगा सहा महिने हिशेब बिनचूक पाठवतोय, सब ऑफिसचा पोस्टमास्तर म्हणतोय 'हाच बरा आहे', तर इन्स्पेक्टर कशाला नवं शोधत फिरेल? तुमच्या काकांचं असंच झालेलं दिसतंय.

आणि 'कायम' म्हणाल तर तेही नव्हतंच. १९७७ साली सुप्रीम कोर्टाने राजम्मा खटल्यात सांगितलं की ही माणसं नागरी पदावरची आहेत, घटनेच्या ३११व्या कलमाचं संरक्षण त्यांना आहे, मनात आलं म्हणून काढता येणार नाही. त्याआधी कागद एक आला की घरी. २००१ मध्ये नाव बदलून ग्रामीण डाक सेवक झालं. ६५व्या वर्षी निवृत्ती. आमच्यासारखं पेन्शन तेव्हाही नव्हतं.

झणझणीत_ठेचा

शिक्का काका, मान गये. पण मग याला वशिला नाही तर काय म्हणायचं? वतन?

निवृत्त_शिक्का

वतनात जमीन मिळायची हो. इथे स्वतःची खोली द्यायची, वर दिवाबत्तीही स्वतःची.

पन्हाळी_कौल

आमच्या गावात बी.ओ. किराणा दुकानात होतं. पोस्टाचे पैसे आणि साखरेचे पैसे एकाच गल्ल्यात. मालक म्हणायचे, "पोस्टाचे माझ्या ध्यानात असतात."

निवृत्त_शिक्का

पन्हाळी_कौल, अशी डझनभर दुकानं पाहिलीत. आम्ही तपासणीला जायचो तेव्हा आधी काही न बोलता रोकड मोजायची, मग तिकिटं, पाकिटं, कार्डं, मग बी.ओ.च्या हिशेबाच्या वहीशी ताळा. एकदा २३० रुपये कमी आले. मास्तर म्हणाले "दोन मिनिटं", आत गेले, डब्यांचे आवाज झाले, आणि पैसे घेऊन बाहेर आले. त्यातल्या नोटांना हळद लागलेली. रक्कम जुळली. पण सरकारी भाषेत याला तात्पुरता अपहार म्हणतात, आणि यावर नोकरी जाते. मी काय लिहिलं ते इथे सांगत नाही.

सातारी_कंदी

अवांतर: पोस्टाचा विषय आहे म्हणून. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला आणि तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, वर संस्कृतचे पंडित. आता कुणीतरी सांगा, साताऱ्याचा पिनही ४१५ ने सुरू आणि रत्नागिरीचाही ४१५ नेच. घाटावरचे आणि घाटाखालचे एका पिशवीत कसे घातले?

मोरावळा

वेलणकर आडनाव बघा, आणि मग प्रश्न विचारा :D

सातारी_कंदी

म्हणजे वशिला पिन कोडातही!

चिंचेखालून

सगळं वाचत होतो. आता लिहितो.

आमचं गाव मराठवाड्यात. जिल्हा सांगत नाही. पोस्ट पाटलाच्या वाड्यात. पाटलाच्या आधी पाटलाचा चुलता, नंतर पाटलाचा जावई, त्याला घरजावई करून गावचा रहिवासी केला. अटी पूर्ण. शिक्का काकांनी सांगितल्या तशा एकूणएक पूर्ण.

माझे वडील पुण्याला बांधकामावर होते. १९८४-८५ ची गोष्ट. दर महिन्याला मनीऑर्डर. निरोप आला की आई मला घेऊन वाड्यावर जायची. वाड्याला पाच पायऱ्या. आम्ही खाली अंगणात. पाटील वरून उतरून शाईचं पॅड सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवायचे, त्याच्या शेजारी फॉर्म, आणि दोन पायऱ्या वर जाऊन उभे राहायचे. आई पुढे होऊन अंगठा उठवायची आणि मागे सरायची. मग ते फॉर्म उचलायचे, नोटा त्याच पायरीवर ठेवायचे. वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर एक दगड. तो दगड ठरलेला होता, काळा, गुळगुळीत, पायरीच्या कोपऱ्यात कायम पडलेला असायचा. कुपनावर वडिलांनी लिहिलेल्या दोन ओळी मी तिथेच उभं राहून आईला वाचून दाखवायचो. तिसरीत होतो.

पाटील वाईट माणूस नव्हता. कधी पाच रुपये कापले नाहीत, इतर गावांत कापायचे असं ऐकलंय. हिशेब चोख. त्यामुळे धागाकर्ते विचारतात की एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही तर वशिला म्हणायचं का, तर माझं म्हणणं आहे की पैशाचं चोख असणं हा मुद्दाच नाही. ज्या अटींत माझ्या बापाचं घर बसूच शकत नव्हतं त्या अटी पूर्ण केल्या म्हणून कुणाचं कौतुक?

झणझणीत_ठेचा

चिंचेखालून, __/\__

पन्हाळी_कौल

बोलायला काही ठेवलं नाहीत.

निवृत्त_शिक्का

खरं आहे. पोस्टाची जागा सगळ्यांना येता येईल अशी हवी, हे खात्याच्या कागदावर होतं. तपासणीच्या तक्त्यात जागेचा रकानाही होता. आम्ही त्यात 'समाधानकारक' लिहायचो. मीही लिहिलं आहे. पायऱ्या मोजल्या नाहीत कधी.

ओटीवरचा_बाक

चिंचेखालून, तुमचा प्रतिसाद वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. आमच्या ओटीवर काय होतं ते मला माहीत नाही. पोस्टात आलेली माणसं आठवतात, पण कोण आलं नाही हे पोराच्या लक्षात येत नाही. रविवारी काकूंना फोन करतो.

शिकागोची_थंडी

वातावरण हलकं करायला नव्हे, पण विषयाला धरून. इकडे अमेरिकेत गावचं पोस्टमास्तरपद म्हणजे दीडशे वर्षं उघडउघड राजकीय खिरापत होती. १८२९ मध्ये अँड्र्यू जॅक्सन आला आणि पोस्टमास्तर बदलायचा सपाटा लावला. पक्ष जिंकला की गावोगावी पोस्टमास्तर नवे. १८८१ मध्ये पद न मिळालेल्या एका इच्छुकाने राष्ट्राध्यक्ष गारफिल्डला गोळी घातली, त्यानंतर १८८३ मध्ये पेंडलटन कायदा होऊन परीक्षा घेऊन भरती सुरू झाली. पण पोस्टमास्तर बराच काळ त्यातून सुटलेलेच. स्थानिक खासदार नाव सुचवणार, राष्ट्राध्यक्ष नेमणार. १९७० च्या पोस्टाच्या कायद्याने ते थांबलं.

आणि लिंकन! १८३३ मध्ये, २४ व्या वर्षी, न्यू सेलम नावाच्या खेड्याचा पोस्टमास्तर. फिरायला जाताना लोकांची पत्रं टोपीत घालून न्यायचा आणि वाटेत वाटायचा. १८३६ मध्ये ते पोस्ट बंदच झालं.

कोडं: याच वयाचा आणखी एक तरुण १९२१ मध्ये मिसिसिपीच्या विद्यापीठातल्या पोस्टात ओळखीने चिकटला. ऑफिसात पत्ते खेळायचा, लिहीत बसायचा, लोकांची मासिकं आधी स्वतः वाचायचा, काही टपाल थेट कचऱ्यात. तक्रारी झाल्या, इन्स्पेक्टर आला, १९२४ मध्ये राजीनामा. पुढे नोबेल मिळालं. कोण?

मोरावळा

फॉकनर. यावरून धडा: वशिल्याने लावायचाच तर लेखक लावू नये.

झणझणीत_ठेचा

आपल्याकडे नोबेल राहू द्या, रजिस्टर वेळेवर मिळालं तरी पुरे.

सातारी_कंदी

रजिस्टर गेलं ठेचा. २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टात विलीन झालं. आता "रजिस्टर नोटीस पाठवीन" ही धमकीसुद्धा जुनी.

थेम्सकाठचा_काळू

इंग्लंडमधून. इकडे गावातला सब-पोस्टमास्तर हा तुमच्या इडीचा चुलतभाऊ. पोस्टाचा पगारी नोकर नाही, कंत्राटावर. पुढे दुकान, मागे घर, कोपऱ्यात पोस्टाचा काउंटर. दुकान विकत घ्या, पोस्ट त्याबरोबर येतं (मंजुरी लागते). बरीच गुजराती कुटुंबं यात आहेत, बापामागून मुलगा.

शिक्का काकांनी हळदीच्या नोटा सांगितल्या त्यावरून लिहावंसं वाटलं. हिशेब कमी आला की चूक काउंटरवरच्या माणसाची, हे इथेही गृहीत होतं. १९९९ नंतर होरायझन नावाची संगणक प्रणाली आली, ती चुकीची तूट दाखवायची. मास्तर सांगत होते, कुणी ऐकेना. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक जणांना चोरी, अफरातफर असे गुन्हे लागले. काही तुरुंगात गेले, काहींनी घरं विकून 'तूट' भरली. शेवटी २०२४ मध्ये संसदेने कायदा करून त्या शिक्षा रद्द केल्या. तर भाऊकाका वहीच्या जमान्यातच निवृत्त झाले हे एका अर्थी बरं.

निवृत्त_शिक्का

वहीत निदान खाडाखोड दिसते.

वाडीची_बीपीएम

नमस्कार. इथे फक्त वाचत असते, आज पहिल्यांदा लिहितेय. मी ती 'टक्क्यांवाली'.

मी लातूरची. दहावीला ९५.४०. ऑनलाइन यादीत नाव आलं आणि नेमणूक थेट रत्नागिरी जिल्ह्यात. परीक्षा नाही, मुलाखत नाही, दहावीचे मार्क एवढंच. तोवर मी समुद्र पाहिला नव्हता. ब्रँच पोस्टमास्तर, चार तासांची जागा, २०१८ च्या दराने सुरुवात १२,००० अधिक महागाई भत्ता. पाच तासांच्या जागेला १४,५००.

शिक्का काकांनी जुन्या अटी सांगितल्या. त्यातली एक अजून आहे हे बहुतेकांना माहीत नसतं. निवड झाल्यावर गावात राहायला यायचं आणि पोस्टाला जागा बघायची, तीही आमचीच जबाबदारी. मी २३ वर्षांची एकटी मुलगी, परक्या भाषेची (मराठीच हो, पण इथल्या आजींना माझं कळत नव्हतं आणि मला त्यांचं), जागा मागत दारोदार फिरले. आधीचे मास्तर ज्यांच्या घरात होते ते म्हणाले, "आमचा मुलगा होता अर्ज केलेला." खोली दिली नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही दिली नसती कदाचित. शेवटी एका बंद घराची पडवी मिळाली, मालक मुंबईला. भाडं माझ्या खिशातून जातं.

मशीन मिळालंय हातातलं. रेंज पडवीत येत नाही. देवळाच्या मागच्या कातळावर दोन कांड्या येतात, तिथे जाऊन व्यवहार चढवते. पावसात छत्री मशीनवर, मी भिजत. मार्च आला की विम्याची आणि सुकन्या खात्यांची टार्गेटं. वाडीत दहा वर्षांखालच्या मुली एकूण चार, चौघींची खाती उघडून झाली. साहेब म्हणतात अजून उघडा. कुठून आणू?

बाक दादा, तुमच्या पुतण्याला सांगा की त्याची जागा मी नाही घेतली. पण मला त्याचा राग समजतो. तो त्या गावात मरेपर्यंत राहिला असता. मी बदलीचा नियम कधी लागू होतो ते बघतेय.

पन्हाळी_कौल

९५.४०! आमच्या वेळी ७० ला गल्लीत पेढे वाटायचे. बेस्ट ऑफ फाइव्हने सगळेच हुशार झाले.

मोरावळा

पन्हाळी_कौल, एवढं वाचून तुम्हाला तेवढंच दिसलं? बीपीएम ताई, लिहीत राहा. वाडीतल्या आजी आता बोलतात का?

वाडीची_बीपीएम

बोलतात. पेन्शन आणायला येतात, परत जाताना फणसाचे गरे ठेवून जातात. "तू आमचा पोस्टमन" म्हणतात. मास्तर म्हणायला अजून कुणी तयार नाही.

चिंचेखालून

बीपीएम ताई, पडवीला पायऱ्या किती?

वाडीची_बीपीएम

एक. तीही तुटकी आहे. सगळे बाकावर बसतात. मी आधी बाक आणला, मग टेबल.

ओटीवरचा_बाक

रविवारी फोन झाला. तासभर. आधी काकूंशी, मग भाऊकाकांनी फोन मागून घेतला.

काकूंना चिंचेखालून यांचा प्रतिसाद जसाच्या तसा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "आपल्याकडे दगड नव्हता. खालच्या वाडीतली पत्रं नि पैसे पोस्टमनच नेऊन द्यायचा, ती माणसं ओटीवर येतच नसत. का येत नसत ते तुझ्या आजोबांनी विचारलं नाही, ह्यांनी विचारलं नाही, मीही नाही." मग जरा थांबून, "एक बाई यायची. तिचा मुलगा मिलिटरीत होता. ती खळ्यात उभी राहून हाक मारायची, मी जाऊन पत्र वाचून दाखवायचे. खळ्यात जाऊन." त्यांनी 'खळ्यात' दोनदा म्हटलं.

आणि हेही कळलं की १९७५ साली लग्न होऊन आल्यापासून संध्याकाळचा रोजचा हिशेब काकूच लिहीत. भाऊकाका शेतावर. थैली एस.टी.ने यायची, साडेअकराला फाट्यावर. पोस्टमन ती आणायचा, भाऊकाका लाख फोडून पत्रं लावायचे आणि जेवून बाहेर. पुढचं सगळं काकू. सुतळी, लाख, मोहोर, रोजच्या हिशेबाचा कागद. सही तेवढी ह्यांची. म्हणजे मी ज्या ४६ वर्षांच्या बिनचूक हिशेबाचं कौतुक धाग्याच्या सुरुवातीला केलं, त्यातली ४० काकूंची. वशिल्याचं जाऊ द्या, त्यांची तर नेमणूकही नव्हती.

भाऊकाकांना विचारलं, वशिला होता का. म्हणाले, "होता की. बापाचा हात गेला, तो वशिला." मग हसले. "परीक्षा झाली माझी. इन्स्पेक्टर आला, ओटीवर बसला, मनीऑर्डरच्या कमिशनची तीन गणितं घातली. तिसरं चुकलं. पाऊस लागला होता, दुपारी आपल्याकडेच जेवला. सोलकढी दोनदा मागून घेतली. महिन्याने कागद आला." जागेवर खरं तर मोठ्या काकांनी बसायचं होतं. ते मॅट्रिक होते, पण आधीच गिरणीत लागून मुंबईला गेले होते. गावात राहिला तो मास्तर झाला.

पुतण्याला काही बोललात का म्हणून विचारलं. म्हणाले, "काय बोलू, तो खोटं कुठे बोलला? तट्टू म्हणाला तेवढं नको होतं."

झणझणीत_ठेचा

मी पहिल्या प्रतिसादात एका शब्दात उत्तर दिलं होतं. ते परत घेत नाही, पण तिसरं चुकलेलं गणित आवडलं.

मोरावळा

काकूंना नमस्कार सांगा. आणि त्यांच्या हातची एखादी हिशेबाची वही शिल्लक असेल तर फोटो टाका.

ओटीवरचा_बाक

वह्या खात्याने नेल्या. पोस्ट आता ग्रामपंचायतीच्या खोलीत आहे. आमच्याकडे एकच वस्तू राहिलीय, ओटीच्या खांबाला ठोकलेली लाल पत्रपेटी. २०१५ पासून कुणी न्यायला आलं नाही. दार गंजून अडकलंय, आत मुंग्यांनी घर केलंय. काकू म्हणतात काढ, भाऊकाका म्हणतात सरकारी आहे, हात लावायचा नाही. शिक्का काका, काय करायचं?

निवृत्त_शिक्का

भाऊकाकांचं बरोबर आहे, ती खात्याची मालमत्ता. सब ऑफिसला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मेल ओव्हरसियर येऊन काढून नेईल. महिना जाईल, दोन जातील. पण त्याआधी कुणासमोर तरी दार उघडून बघा. निवृत्तीच्या दिवशी शेवटची पेटी कुणी उघडली होती, हे काकूंना विचारा.

ओटीवरचा_बाक

विचारलं. काकू म्हणाल्या, "त्या दिवशी सत्काराला सगळे पंचायतीत गेले होते. पेटी उघडायची राहिली."

पुढच्या शनिवारी जातोय. पान्हा घेऊन.

सातारी_कंदी

आत पत्र निघालं तर पिन कोड असेल तसाच टाका, आमच्याकडे येईल.